परीक्षार्थ्याचा वाली कोण?

अग्रलेखाची जागा वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर असते व ती तेथेच असावी, असे आमचे मत आहे. पहिले पान बातमीचे. मताने तेथे पाहुण्यासारखे क्वचितच यावे. आज हा नेम आम्ही मोडला आहे, तो एखादी प्रश्नपत्रिका फुटली म्हणून नव्हे. प्रश्नपत्रिका फुटली म्हणजे मंत्री बोलतात, विरोधी पक्ष बोलतो, चौकशी समिती नेमली जाते आणि चार-आठ दिवस सर्वांची झोप उडाल्यासारखी दिसते. आम्हांस लिहावयाचे आहे ते निराळ्याच दिवसाविषयी. ज्या दिवशी प्रश्नपत्रिका फुटत नाही, सारे काही सरकारी भाषेत 'सुरळीत' पार पडते, त्या दिवशी परीक्षाकेंद्राच्या फाटकापाशी काय घडते? त्याची बातमी बहुधा होतच नाही. झालीच तर ती आतल्या पानावर, बाजारभावांच्या खाली चार ओळींत आटोपते. आणि या दोषात आमचाही वाटा आहे, हे आम्ही नाकारीत नाही.

आपल्याच जिल्ह्यातील उमेदवाराचा परीक्षेचा दिवस कसा जातो ते पाहा. चंदगड तालुक्यातील एखादी मुलगी घ्या. तिला बेळगाव जवळ, कोल्हापूर दूर. तिच्या जिल्ह्याचे ठिकाण शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर. परीक्षा सकाळी नऊची, म्हणजे केंद्रावर हजर राहावयाचे त्याच्या तास-दीड तास आधी. पहाटेच्या पहिल्या एस. टी.ने निघूनही ही वेळ गाठण्याची खात्री नाही. तेव्हा आदल्या दिवशीच निघावयाचे. सोबत वडील किंवा भाऊ, म्हणजे दोघांचाही दोन दिवसांचा कामधंदा बुडाला. शहरात कोणी नातेवाईक असेल तर त्याच्या घरी, नसेल तर लॉजचे भाडे भरून, आणि तेही परवडत नसेल तर मध्यवर्ती बसस्थानकाच्या बाकावर रात्र काढावयाची. सकाळी पुन्हा रिक्षा. संगणकावरील परीक्षेस लागणारी शेकडो यंत्रे एका छपराखाली सापडतात ती बहुधा गावाबाहेरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत, आणि त्या वेळी तेथपर्यंत शहरबस जाईलच असे नाही. बरे, हे सारे कोल्हापूरचे केंद्र मिळाले तर. अर्जात गावांचा पसंतीक्रम विचारतात. परंतु पसंतीचे एकही गाव न मिळता भलत्याच जिल्ह्यात केंद्र आल्याच्या तक्रारी २०२३ च्या तलाठी भरतीच्या वेळी राज्यभरातून आल्या होत्या. कोल्हापूरच्या उमेदवारास नागपूरचे केंद्र आले, तर महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये एक सबंध रात्र आणि दुसऱ्या दिवसाचा मोठा भाग काढून त्याने दोन तासांच्या परीक्षेस बसावयाचे, आणि तितकेच अंतर परत यावयाचे.

केंद्राच्या फाटकापाशी पोचल्यावर कथेचा दुसरा भाग सुरू होतो. पिशवी कोठे ठेवावी याचे उत्तर तेथे कोणाजवळ नसते. पिशव्या कुंपणाच्या कडेने रस्त्यावर ओळीने ठेवल्या जातात आणि पावसाळा असला तर त्यांवर कोणीतरी एखादे ताडपत्रीचे फडके टाकतो. समोरचा चहावाला काही रुपये घेऊन मोबाइल सांभाळतो, आणि खरे सांगावयाचे तर त्या दिवशी उमेदवाराची जबाबदारी पत्करणारा तो एकटाच मनुष्य असतो. बरोबर आलेल्या वडीलधाऱ्यांस बसावयास सावली नाही, प्यावयास पाणी नाही. स्त्री-उमेदवारांस कानांतले, हातांतले, कधी कधी गळ्यातले मंगळसूत्रही काढून ठेवावयास सांगतात. ते काढून कोणाच्या हाती द्यावे, सोबत कोणी नसेल तर काय करावे, हे मात्र सांगत नाहीत. तान्ह्या मुलास घेऊन आलेल्या आईस आडोसा लागेल, हे नियमपुस्तिका लिहिणाऱ्याच्या मनात आलेले दिसत नाही. पुढे अंगठ्याचा ठसा. ऊसतोडीच्या, विळ्या-खुरप्याच्या कामाने ज्यांची बोटे झिजली आहेत त्यांचा ठसा यंत्र एका दमात घेत नाही. रांग खोळंबते, मागचे चरफडतात आणि ज्याचा ठसा उमटत नाही तो जणू काही गुन्हाच करून आला आहे अशा मुद्रेने रखवालदार त्याच्याकडे पाहतो.

तपासणी असू नये असे आम्ही म्हणत नाही. कानात बसेल एवढे यंत्र घालून बाहेरून उत्तरे घेणारे आणि दुसऱ्याच्या नावावर परीक्षेस बसणारे महाभाग या राज्यात पकडले गेले आहेत; त्यांच्या पापाची फळे प्रामाणिक उमेदवारांस भोगावी लागतात. कडक तपासणी हे त्या प्रामाणिक उमेदवाराचेच संरक्षण आहे. पण तपासणी निराळी आणि अवहेलना निराळी. विमानतळावरही झडती घेतली जाते. तेथे सामान ठेवण्यास पेटी असते, स्त्रियांसाठी पडदा असतो आणि काही चुकले तर विचारण्यास खिडकी असते. फरक इतकाच, की विमानाचा प्रवासी पुन्हा तिकीट काढील की नाही याची कंपनीस धास्ती असते. परीक्षार्थ्यास दुसरे दुकान नाही.

आता आत, संगणकापुढे. यंत्र मध्येच थांबले, पडदा काळा झाला, उत्तर निवडले ते नोंदले गेले की नाही कळेना. उमेदवार हात वर करतो. पर्यवेक्षक म्हणून उभा असलेला पोरगा पुष्कळदा त्या दिवसापुरता रोजावर आणलेला, उमेदवाराच्याच वयाचा असतो. तो म्हणतो, "थांबा, सरांना विचारतो." सर म्हणतात, "वरून सांगतील." हे 'वर' म्हणजे नेमके कोठे, याचा शोध घेऊ लागले म्हणजे मौज वाटते. जागा ज्या सरकारी खात्याच्या, त्याने परीक्षा घेण्याचे काम एका कंपनीकडे दिलेले असते. कंपनीने इमारत व यंत्रे भाड्याने घेतलेली असतात. इमारतीच्या चालकाने पर्यवेक्षक आणि रखवालदार आणखी कोणा ठेकेदाराकडून आणविलेले असतात. रखवालदार ठेकेदाराकडे बोट दाखवितो, ठेकेदार चालकाकडे, चालक कंपनीकडे, कंपनी खात्याकडे. आणि खात्याचा मदतीचा दूरध्वनी परीक्षेच्या दिवशी लागला असे सांगणारा मनुष्य आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे. या साखळीत प्रत्येकाचा कोणाशी ना कोणाशी लेखी करार आहे. ज्याच्या पैशावर ती चालते त्या उमेदवाराशी मात्र कोणाचाच नाही.

पैसे किती, तेही पाहू. २०२३ च्या तलाठी भरतीत खुल्या प्रवर्गासाठी १,००० रुपये व राखीव प्रवर्गासाठी ९०० रुपये शुल्क होते. साडेचार हजारांवर जागा आणि दहा लाखांहून अधिक अर्ज. गुणाकार वाचकांनीच करावा. आकडा शंभर कोटींच्या घरात जातो. त्याच परीक्षेत २१ ऑगस्ट २०२३ रोजी सर्व्हरमध्ये बिघाड झाला आणि अनेक केंद्रांवर सकाळचे सत्र सुमारे दोन तास उशिरा सुरू झाले. दिवसाला तीन सत्रे होती, त्यामुळे पुढच्यांचीही घडी विस्कटली. पहाटेपासून उपाशी बसलेल्या मुलांना त्या दोन तासांत पुरेशी माहिती देणारा कोणी नव्हता, हीच त्या दिवशीची मुख्य तक्रार होती. बिघाड कोणाच्याही यंत्रात होतो. मनुष्याने समोर येऊन "बिघाड झाला आहे, अकरा वाजता सुरू करू, पाणी त्या बाजूला आहे" एवढे सांगण्यास कोणती यंत्रणा लागते?

त्याआधीचे वर्ष २०२१ तर उमेदवारांच्या छळाचेच वर्ष म्हणावे लागेल. आरोग्य विभागाच्या 'क' व 'ड' गटांची परीक्षा २५ व २६ सप्टेंबरला होती. ती पुढे ढकलल्याचे २४ तारखेच्या रात्री जाहीर झाले, म्हणजे दूरचे उमेदवार गाडीत बसल्यावर. ऑक्टोबरात ती झाली तेव्हा काही केंद्रांवर गोंधळ माजला, पेपरही फुटले आणि अखेर ती परीक्षाच बाद ठरली. त्याच वर्षी १२ डिसेंबरची म्हाडाची परीक्षा रद्द झाल्याची घोषणा त्या दिवसाच्या पहाटेपूर्वी, मध्यरात्र उलटल्यावर ट्विटरवर झाली. त्या वेळी मंत्रिमहोदयांनी उमेदवारांची क्षमा मागितली, ही गोष्ट त्यांच्या बाजूने नमूद केली पाहिजे. तथापि झोपलेल्या उमेदवारास ट्विट वाचता येत नाही, आणि एस. टी.चे तिकीट क्षमेने परत मिळत नाही.

हे आपल्याच राज्याचे दुखणे आहे असेही नाही. वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशाची २३ जून २०२४ ची नीट परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलण्यात आली आणि शिकलेसवरलेले डॉक्टर परगावच्या लॉजमध्ये अडकून पडले. ४ मे २०२५ रोजी इंदूर भागात वादळाने वीज गेली व वैद्यकीय प्रवेशाचे विद्यार्थी अंधुक उजेडात पेपर सोडवीत बसले. ते न्यायालयात गेले, एक निकाल त्यांच्या बाजूने लागला, तो पुढे फिरविला गेला आणि फेरपरीक्षा काही झाली नाही. कर्मचारी निवड आयोगाच्या २०२५ च्या जुलैमधील परीक्षेत ऐन वेळी रद्द झालेली केंद्रे, दूरवरचे प्रवास आणि केंद्रावरील वागणूक या तक्रारी घेऊन तरुण दिल्लीच्या रस्त्यावर आले. त्यानंतर मात्र आयोगाने पुढील परीक्षेसाठी शक्यतो शंभर किलोमीटरच्या आत केंद्र देण्याचे धोरण स्वीकारले. म्हणजे हे करता येते. ते रस्त्यावर आल्याशिवाय होत नाही, एवढेच.

वाचक विचारतील, ज्याचे पैसे घेतले त्याला सेवा नीट दिली नाही तर ग्राहक न्यायालय कशासाठी आहे? येथेच खरी मेख आहे. बिहार शालेय परीक्षा मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली असा निर्णय दिला, की परीक्षा घेणारे मंडळ हे सेवा विकणारी संस्था नव्हे आणि परीक्षार्थी हा ग्राहक नव्हे. परीक्षेचे शुल्क हा सेवेचा मोबदला नसून परीक्षेत भाग घेण्याच्या सवलतीसाठी दिलेला आकार आहे. त्या प्रकरणात मंडळाने दोन विद्यार्थ्यांना एकच आसनक्रमांक दिला होता. चूक उघड उघड मंडळाची. तरीही ग्राहक म्हणून भरपाई नाही. शाळांत परीक्षा घेणे हे मंडळाचे वैधानिक कर्तव्य आहे, दुकानदारी नव्हे, हा त्यामागील विचार आम्ही समजू शकतो. पण आज परीक्षा घेणारी कंपनी नफ्यासाठी काम करते, निविदा भरते, प्रत्येक उमेदवारामागे दर ठरविते. २०२४ च्या केंद्रीय सार्वजनिक परीक्षा कायद्यात तर अशा कंपनीस सरळ 'सेवापुरवठादार' असेच नाव आहे. सेवा पुरविणारा आहे आणि सेवा घेणारा कोणीच नाही, असा हा विलक्षण व्यवहार!

तो २०२४ चा कायदा कडक आहे, आणि तो व्हावयासच हवा होता. प्रश्नपत्रिका फोडणाऱ्यास तुरुंगवास आहे. दोषी सेवापुरवठादारास एक कोटी रुपयांपर्यंत दंड, परीक्षेच्या खर्चाची वसुली आणि चार वर्षे बंदी आहे. परंतु त्यातील वसुली उमेदवाराच्या हाती पडावी अशी योजना त्यात नाही. केंद्र किती अंतरावर असावे, उशीर झाल्यास काय करावे, यंत्र बंद पडले तर गेलेली मिनिटे कोणी मोजून द्यावीत, यांविषयी तो कायदा बोलत नाही; तो त्याचा विषयच नव्हे. कायद्याने प्रश्नपत्रिकेस पहारा दिला. प्रश्नपत्रिका सोडविणारा उघड्यावरच राहिला.

परीक्षेचे केंद्र कोठे असावे हा काही किरकोळ व्यवस्थेचा प्रश्न नाही, हे या देशास शंभर वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. सनदी नोकरीची परीक्षा केवळ लंडनला होत असे. कायद्याने ती हिंदी तरुणास खुली होती; प्रत्यक्षात समुद्र ओलांडण्याचा खर्च आणि धास्ती यांनी ती बंद केलेली होती. ती परीक्षा हिंदुस्थानातही एकाच वेळी घ्यावी, यासाठी दादाभाई नौरोजींनी जन्मभर झगडा केला. १८९३ साली ब्रिटिश लोकसभेने तसा ठराव केला, तो सरकारने बाजूस ठेवला, आणि अखेर १९२२ पासून ती अलाहाबादेस होऊ लागली. परीक्षा खुली असणे आणि परीक्षेपर्यंत पोचता येणे यांतला फरक आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने असा मोजला होता.

कोल्हापूरने तर तो त्याआधीच ओळखला होता. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या, हे सर्वांस माहीत आहे. पण खेड्यातल्या मुलास शहरात पाठ टेकावयास जागा नसेल, तर नुसत्या राखीव जागेचा त्यास उपयोग नाही, हे ओळखून १९०१ पासून त्यांनी येथे निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी करविली, याचा विसर पडू लागला आहे. त्या इमारती आजही या शहरात उभ्या आहेत आणि त्यांच्या दारावरून बसस्थानकावर झोपावयास जाणारी मुले आम्ही पाहतो. अगदी अलीकडची गोष्ट घ्या. वकील आणि पक्षकारांच्या कित्येक वर्षांच्या लढ्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात बसू लागले आणि सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांची मुंबईची वारी टळली. पक्षकारास न्याय जवळ हवा, हे शासनाने मान्य केले. उमेदवारास परीक्षा जवळ का नको?

आता करावयाचे काय, याविषयी आमचे म्हणणे थोडके आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क अधिनियम आहे. दाखला ठरलेल्या मुदतीत दिला नाही तर अधिकाऱ्यास त्याखाली दंड होतो, अपील करता येते, आयोगाकडे जाता येते. सरळसेवा भरतीच्या परीक्षेची व्यवस्था ही या कायद्याखालील अधिसूचित सेवा करावी. उमेदवारास ग्राहक म्हणा अगर म्हणू नका, त्यास दाखला मागणाऱ्या नागरिकाइतका तरी हक्क असावा. केंद्र जिल्ह्यात, निदान शेजारच्या जिल्ह्यात देता आले नाही तर प्रवासखर्च द्यावा. परीक्षा आदल्या दिवशी अगर त्याच दिवशी रद्द झाली तर शुल्क आणि भाडे मागितल्यावाचून परत करावे. प्रत्येक केंद्राच्या फाटकावर, घड्याळ थांबविण्याचा व वाढवून देण्याचा अधिकार ज्याला आहे अशा एका सरकारी अधिकाऱ्याचे नाव मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावे, आणि तो तेथे हजर असावा. ज्या महिन्यांत पंचगंगा पात्राबाहेर येते त्या महिन्यांत परीक्षा ठेवताना पर्यायी तारीख आधीच जाहीर करावी. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत शिरोलीपाशी महामार्ग पाण्याखाली जाऊन किती दिवस कोल्हापूर तुटले होते, हे मुंबईच्या कचेरीत बसून वेळापत्रक करणाऱ्यास ठाऊक नसेल. जिल्हाधिकारी कचेरीने ते कळवावे.

यावर एक आक्षेप येईल, की लाखो उमेदवारांची एवढी बडदास्त ठेवावयाची तर खर्च कोण करणार? ज्यांनी शंभर कोटींच्या घरात शुल्क गोळा केले त्यांनी. दुसरा आक्षेप असा, की कष्टाची सवय नसलेली ही पिढी उगाच कुरकूर करते. हा आक्षेप घेणाऱ्या वडील मंडळींनी पुढच्या परीक्षेच्या दिवशी सकाळी सात वाजता केंद्रापर्यंत चालत जाऊन तेथे तीन तास उभे राहून पाहावे. मग आम्ही त्यांच्याशी वाद घालू.

सरकार करील तेव्हा करील. कोल्हापूरकरांस स्वतःच्या हिमतीवर करता येण्याजोगेही काही आहे. मोठ्या परीक्षेच्या आदल्या रात्री शहरातील वसतिगृहांनी, मंगल कार्यालयांनी आणि तालीम मंडळांनी आपली सभागृहे बाहेरगावच्या उमेदवारांस, मुलींसाठी स्वतंत्र व्यवस्था करून, उघडी करावीत. पुराच्या दिवसांत ज्या गावाने हजारो माणसांना जेवू घातले त्या गावास हे जड नाही. एस. टी. महामंडळाने आणि महापालिकेच्या परिवहन खात्याने त्या सकाळी बसस्थानकापासून केंद्रांपर्यंत जादा गाड्या सोडाव्यात. केंद्रांची यादी जिल्हाधिकाऱ्यांकडे आधीच असते.

आमच्या बाजूने आम्ही एक काम पत्करीत आहोत. ज्या उमेदवारांस केंद्रावर त्रास झाला असेल त्यांनी परीक्षेचे नाव, तारीख, केंद्र, सत्र आणि घडलेली हकीकत एका कागदावर लिहून आमच्या कचेरीत द्यावी. पुढे भरतीत आड येईल अशी भीती पुष्कळांना वाटते, म्हणून कोणाचेही नाव आम्ही छापणार नाही. प्रत्येक तक्रार संबंधित खात्याकडे पाठवू, उत्तर आले तर ते छापू, आणि एका महिन्यात न आल्यास खात्याचे नाव व तक्रारीची तारीख याच पानावर देऊ.